नर की मादी, ठरवतं कोण?

ढोकी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक तेरणा साखर कारखाना आणि दुसरं शेजारचं तेर, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. मी ढोकीचा. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त झालो आहे आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या शेताकडे चक्कर मारतो. आजचा विषय अशाच एका चकरेत सापडला. या विषयावर बोलावंसं वाटण्यामागे आणखी एक कारण आहे, ते मात्र शेवटी सांगेन.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या अण्णांनी शेततळ्यात मासे सोडले होते. मासा चिलापी, म्हणजे पुस्तकातला तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता तो आपल्याकडच्या तलावांत, धरणांत घरच्यासारखा राहतो. अण्णा तळ्याच्या काठावर डोक्याला हात लावून बसले होते.

"सर, ह्या माशाला काय झालंय बघा. सोडले हजार, झाले दहा हजार. पन वाढंना एक बी. बोटाएवढा हाय तवाच पिल्लं घालायलाय. पाव्हणे म्हनत्यात, नुसतं नराचं बी मिळतंय. आता येवढ्याशा पिल्लातनं नर कसा निवडून काढतेत?"

मी म्हणालो, "अण्णा, निवडत नाहीत. करतात."

चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते. त्या काळात ती जवळजवळ खात नाही, त्यामुळे तिची वाढ मागे पडते. नराला ही जबाबदारी नसते, तो भराभर वाढतो. म्हणून मत्स्यबीज तयार करणारे लोक पिल्लू अगदी कोवळं असताना पहिले तीन-चार आठवडे त्याच्या खाद्यात पुरुषी संप्रेरक मिसळतात. जी पिल्लं मादी व्हायची तीही नर होतात आणि जन्मभर नरच राहतात.

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंजी मादी व्हायची ती नर व्हायली? आसं कुठं आसतंय का?"

श्रोतेहो, असतं. आणि त्यासाठी दरवेळी औषधच लागतं असं नाही. कधी नुसतं ऊन पुरतं, कधी गर्दी पुरते, कधी टाकीचा रंगसुद्धा पुरतो. आज मला याविषयीच बोलायचं आहे.

शाळेत आपण काय शिकतो? आईकडून एक्स गुणसूत्र येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय. दोन एक्स आले तर मुलगी, एक्स आणि वाय आले तर मुलगा. गर्भ राहतो त्याच क्षणी निकाल लागतो. हे माणसाला लागू आहे. गाईला, कुत्र्याला, उंदरालाही लागू आहे. पक्ष्यांमध्ये गुणसूत्रं वेगळी, पण रीत तीच. त्यामुळे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की नर-मादी हे आधी लिहून ठेवलेलं असतं, त्यात बदल नाही.

या समजाला पहिला मोठा धक्का १९६६ साली बसला. आफ्रिकेत सेनेगलमधल्या डाकार इथं मॅडलिन शार्निये नावाच्या संशोधिका अगामा जातीच्या सरड्यांवर काम करत होत्या. अंडी ज्या तापमानात उबवावीत त्यानुसार पिल्लांमधलं नर-माद्यांचं प्रमाण बदलतं, असं त्यांच्या लक्षात आलं. त्या वेळी या निबंधाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढं सत्तरच्या दशकात कासवांवर प्रयोग झाले आणि मग मात्र सगळ्यांना मान्य करावं लागलं, की अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत अंडं घातलं जातं तेव्हा ते नर नसतं आणि मादीही नसतं. ते ठरतं नंतर, घरट्यातल्या उबेवर.

हे नेमकं होतं कसं? आपल्या भाषेत सांगतो. उसाला पाणी देताना आपण दारं धरतो. पाटातून पाणी येतं. एका ठिकाणी दोन वाफ्यांची तोंडं समोरासमोर असतात. तिथं फावडंभर माती इकडची तिकडं केली, की सगळं पाणी एका वाफ्यात जातं. माती थोडीच असते, पण वेळेवर टाकावी लागते. वाफा भरल्यावर टाकून उपयोग नाही.

गर्भात तसंच असतं. सुरुवातीला जी जननग्रंथी तयार होते ती दोन्हीकडे जाऊ शकते. शरीरात अ‍ॅरोमाटेज नावाचं एक विकर असतं. ते पुरुषी संप्रेरकाचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात करतं. ते जोरात चाललं तर पाणी मादीच्या वाफ्यात, मंदावलं तर नराच्या वाफ्यात. काही प्राण्यांत हे विकर किती चालावं याचा हुकूम गुणसूत्रं देतात, तर काहींत बाहेरचं तापमान देतं. कासवाच्या अंड्यात हा निर्णय साधारणपणे उबवण्याच्या काळाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात होतो. ते दिवस उलटले, की मग कितीही ऊन पडो वा थंडी, त्यात बदल नाही.

लाल कानाचं छोटं कासव तुम्ही शहरात, मासे विकणाऱ्या दुकानात पाहिलं असेल. त्याची अंडी २६ अंश सेल्सिअसला उबवली तर नर होतात आणि ३२ अंशांना उबवली तर माद्या. चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की २६ अंशांना एक ठरावीक जनुक जागं असतं आणि ते नराच्या घडणीची कळ दाबतं. ते जनुक मुद्दाम निजवलं, तेव्हा २६ अंशांतलीच बहुतेक अंडी मादीच्या वाटेला लागली. म्हणजे ऊन नुसतं बाहेरून भाजत नाही, ते आतली जनुकं जागी करतं आणि निजवतं.

काही वर्षांपूर्वी मी शाळेतल्या मुला-मुलींना घेऊन कोकणात वेळासला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली इथं समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. आता लोक कासव महोत्सवाला तिथं जातात, गावातल्या घरांत राहतात, तिथलंच जेवतात. आमच्या ढोकीच्या पोरांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पहाटे किनाऱ्यावर टोपली उचलली आणि खालून ऑलिव्ह रिडले जातीची तळहाताएवढी पिल्लं निघाली, तेव्हा एरवी वर्गात गोंधळ घालणारी पोरं चिडीचूप झाली होती.

या कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. पन्नासएक दिवस अंडी उबवते ती वाळू. कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी ही अंडी किनाऱ्यावरच्याच जाळीच्या कुंपणात हलवतात. मी मुलांना सांगितलं, की या वाळूचं तापमान २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान कुठंतरी असलं, तर नर आणि माद्या दोन्ही होतात. त्याहून थंड वाळूत नर वाढतात आणि गरम वाळूत माद्या. एकाच घरट्यात मधली अंडी जरा जास्त गरम असतात आणि कडेची कमी, तेवढ्यानंही फरक पडू शकतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीनं लगेच विचारलं, "सर, मग लई ऊन पडलं आन् समद्या पोरीच झाल्या तर?"

मला त्या मुलीचं कौतुक वाटलं, कारण जगभरचे शास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न विचारत आहेत. त्याचं एक उत्तर २०१८ साली ऑस्ट्रेलियातून आलं. ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळबेटांच्या उत्तर भागात हिरव्या समुद्री कासवांची तपासणी झाली. मोठ्या, पूर्ण वाढलेल्या कासवांत सुमारे ८७ टक्के माद्या होत्या. आणि कोवळ्या वयाच्या कासवांत? ९९ टक्क्यांहून जास्त! म्हणजे त्या किनाऱ्यांवर गेली काही दशकं जवळजवळ माद्याच जन्माला येत होत्या. दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत मात्र हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं.

एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या जास्त झाल्या म्हणून उद्याच कासवं संपतील असं नाही. काही काळ तर अंडी वाढल्यासारखीही दिसतील. खरी अडचण ही, की कासव वयात यायला दहा-दहा, वीस-वीस, कधी त्याहूनही जास्त वर्षं लागतात. आजच्या वाळूत झालेली चूक दिसते ती एक पिढी उलटल्यावर. शिवाय वाळू आणखी तापली, तर नर-मादीचा प्रश्नच राहत नाही, अंडं आतच मरतं.

कुणी म्हणेल, समुद्र आपल्यापासून लांब आहे. पण आपली तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा पुढं तेलंगणात जाते. तिथं मांजरा अभयारण्य आहे आणि त्यात मगरी आहेत. आपल्या सांगलीच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीतही त्याच जातीच्या मगरी आहेत. मद्रास क्रोकोडाइल बँकेत या मगरींच्या अंड्यांवर काम झालं आणि त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. २८ ते ३१ अंशांना उबवलेल्या अंड्यांतून फक्त माद्या निघाल्या. साडेबत्तीस अंशांना फक्त नर. आणि त्याहून वर गेल्यावर पुन्हा दोन्ही. बघा, कासवाला ऊन वाढलं की माद्या. मगरीला मधल्या एका अरुंद पट्ट्यातच नर. एक-दीड अंशाचा खेळ! आपल्याला तेवढा फरक कळतही नाही.

आणखी जवळचं उदाहरण हवं? आपल्या बांधावर, बोरीबाभळीवर मान हलवत बसणारा सरडा घ्या. कर्नाटकातल्या संशोधकांनी २०१२ साली असं दाखवलं, की या सरड्याची अंडी वाढत्या तापमानांना उबवत गेलं तर आधी माद्या, मग नर, मग पुन्हा माद्या आणि शेवटी पुन्हा नर असा चढता क्रम दिसतो. लहानपणी आपण ज्याच्यावर दगड मारले, तो प्राणी असा गुंतागुंतीचा हिशेब पोटात घेऊन बसलेला आहे!

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. सगळ्याच सरपटणाऱ्या प्राण्यांत असं होत नाही. सापांत नर-मादी गुणसूत्रांवरच ठरतं. नदीतल्या मऊ पाठीच्या कासवांच्या कुळातही तसंच आहे. आणि काही प्राणी मधल्या वाटेवर आहेत. ऑस्ट्रेलियात दाढीवाला सरडा म्हणून एक जात आहे. त्याच्यात गुणसूत्रं आहेत आणि एरवी त्यांचाच शब्द चालतो. पण अंडी ३२ अंशांच्या वर तापली, की गुणसूत्रानं नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येतं. या माद्या अंडीही घालतात. रानात अशा माद्या सापडल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्यांची पिल्लं मग पूर्णपणे तापमानावरच अवलंबून राहतात. म्हणजे कडक उन्हानं गुणसूत्रांची सत्ता एका पिढीत उलथवली.

आता माशांकडे वळू. माशांत हा हुकूम उन्हाबरोबर इतर गोष्टीही देतात, म्हणून 'ताण' हा शब्द वापरावा लागतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सिल्व्हरसाइड नावाचा एक लहानसा मासा आहे. तापमानानं माशाचं लिंग ठरतं हे निसर्गात नीट दिसलं ते या माशात, १९८१ साली. हंगामाच्या सुरुवातीला, पाणी गार असताना जन्मलेली पिल्लं बहुतेक माद्या होतात. उशिरा, कोमट पाण्यात जन्मलेली नर होतात. यात शहाणपण आहे. लवकर जन्मलेल्या पिल्लाला वाढायला पूर्ण हंगाम मिळतो, जशी मृगाची पेरणी साधली की पीक भरतं. मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून आगाप पेऱ्याच्या माद्या आणि मागास पेऱ्याचे नर, हा निसर्गाचा हिशेब. म्हणजे ही सोय मुळात दोष नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांचं हवामान ओळखून बसवलेलं ते वेळापत्रक आहे. अडचण येते ती हवामानच वेळापत्रक मोडतं तेव्हा.

अण्णांच्या चिलापीतही उन्हाचा हात आहे. तिच्या नाईल जातीत गुणसूत्रं माणसासारखीच, एक्स आणि वाय. पण जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पिल्लांना ३५-३६ अंशांच्या पाण्यात सलग ठेवलं, तर दोन एक्स असलेली, म्हणजे मादी व्हायची पिल्लंही मोठ्या संख्येनं नर होतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात हे दाखवलं. मी त्या दिवशी अण्णांच्या तळ्यात तापमापी बुडवली. दुपारी चार वाजता वरच्या थरात पारा ३४ ला टेकला होता! अण्णांना आशा वाटली. "मंजी आपले बी नर व्हतील?" मी सांगितलं, नाही. मासा खोल, गार पाण्यात जातो, रात्री पाणी निवतं आणि तुमचे मासे त्या वयाच्या पुढं गेलेत.

पण गरम पाण्यानं नर का व्हावेत? याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एक ओळखीचं नाव भेटलं. कॉर्टिसॉल. आपल्याला धसका बसला, झोप उडाली, डोक्यावर कर्ज झालं की आपल्या शरीरात जे संप्रेरक वाढतं तेच हे. माशाच्या अंगातही ते असतं. जपानमध्ये मेडाका नावाच्या माशावर प्रयोग झाले. गरम पाण्यात पिल्लांचं कॉर्टिसॉल वाढलं आणि माद्या व्हायची पिल्लं नर झाली. कॉर्टिसॉलची वाट अडवणारं औषध दिलं, तर गरम पाण्यातही ती मादीच राहिली. म्हणजे पाणी थेट नर करत नव्हतं. पाण्याचा ताण नर करत होता.

एकदा हे कळल्यावर बाकीची कोडीही उलगडू लागली. अमेरिकेत फ्लाउंडर म्हणून एक चपटा मासा आहे, आपल्या कोकणातल्या लेपासारखा. त्याची पिल्लं निळ्या रंगाच्या टाक्यांत वाढवली, तर नर फार वाढतात आणि त्या पिल्लांत कॉर्टिसॉलही जास्त सापडतं. प्रयोगशाळांतला झेब्राफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा लहानपणी फार गर्दीत वाढवला, तर त्यातही नरांचं प्रमाण वाढतं. ऊन, रंग, गर्दी, कारणं तीन. पण पिल्लाच्या अंगात पोचेपर्यंत तिन्हींची भाषा एकच होते. इथं जगणं कठीण आहे, ही ती भाषा.

प्रत्येक बदल म्हणजे ताण असंही नाही. रायगडात तळ्यांतून पाळला जाणारा जिताडा घ्या. तो आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. ते त्याचं वयाचं वेळापत्रक आहे. चिंता करावी ती वेळापत्रक बाहेरून कुणी बदललं तर.

आणि आपण ते बदलतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. तिथल्या एका तलावात २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत संशोधकांनी गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम स्त्री-संप्रेरक सोडलं. प्रमाण अगदी नगण्य, शहरांच्या सांडपाण्यात सापडावं एवढंच. तिथल्या मिनो नावाच्या चिमुकल्या माशांतल्या नरांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन तयार होऊ लागलं, काहींच्या वृषणांत अंडी दिसू लागली. थोड्याच वर्षांत तो मासा त्या तलावातून जवळजवळ संपला. एकही मासा विषानं मेला नव्हता. पुढची पिढी जन्मलीच नाही. पण संप्रेरक सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले. मला या प्रयोगातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. ताण काढून घेतला तर निसर्ग सावरतो, मात्र थोडं बीज शिल्लक असायला हवं.

श्रोतेहो, आता सुरुवातीला राखून ठेवलेलं कारण.

वेळासहून परत आल्यावर मी गावात मुलांच्या पालकांपुढं बोललो. कासवांची छायाचित्रं दाखवली. गरम वाळूत माद्या होतात हे सांगितलं. बोलणं संपल्यावर एक गृहस्थ उठले आणि हसत म्हणाले, "आता कळलं सर. आपल्या भागात ऊन लई, बायकांच्या अंगात उष्णता लई, म्हणून पोरी व्हत्यात." सभेत हशा पिकला. मागच्या रांगेत बसलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत.

मला माझी थोरली बहीण आठवली. अक्काला तीन मुली. तिसरीच्या वेळी तिला सासरी गूळ बंद, तीळ बंद, पपई बंद. का, तर उष्ण पडतं आणि मुलगी होते. तिसरीही मुलगीच झाली. बाळंतपणानंतर सव्वा महिना उलटला तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. मी तेव्हा महाविद्यालयात गुणसूत्रं शिकत होतो. सगळं ठाऊक असून मी तिच्या सासऱ्यांपुढं एक शब्द बोललो नाही. लहान होतो, असं स्वतःला सांगत आलो. ते पुरेसं कारण नव्हतं.

म्हणून त्या सभेत मी पुन्हा उभा राहिलो आणि आज इथंही तेच सांगतो. माणूस कासव नाही. आईचं पोट ही वाळू नाही. बाहेर चव्वेचाळीस अंश असले तरी आईच्या पोटात गर्भाला मिळणारी ऊब सदतीसच्या आसपासच राहते. आणि माणसात ऊब कितीही असो, निर्णय ती करत नाही. वाय गुणसूत्रावर एक जनुक असतं, ते १९९० साली लंडनच्या संशोधकांनी शोधलं. ते असेल तर मुलगा, नसेल तर मुलगी. आणि वाय गुणसूत्र येतं फक्त वडिलांकडून. तेही वडील ठरवून देत नाहीत. आईच्या खाण्यापिण्याचा, तिच्या अंगातल्या उष्णतेचा, तिच्या नवसाचा यात काडीचाही संबंध नाही. दोष लावायचाच नाही. पण कुणाला लावायचाच झाला तर तो बाईला तरी लागत नाही.

उलट आपल्याकडचा असमतोल उन्हानं केलेला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला होता आणि १९९४ साली तो देशभरासाठी झाला, तरीही ही संख्या. कासवाला निवड नसते. वाळू तापली की त्याच्या हातात काही नसतं. आपल्या हातात सगळं होतं. आणि आपली चूकही एका पिढीनं दिसते. आज गावोगाव तिशी ओलांडलेल्या मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून जे आईबाप बायोडेटा घेऊन हिंडतात, त्यांच्यातल्या काहींनी तरी त्या वेळी कुणाच्या घरी मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं केलं असेल.

मग करायचं काय? कासवांसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फार अवघड नाही. घरट्यावर सावली धरता येते. किनाऱ्यामागची झाडी राखता येते. नदीतली वाळू बेसुमार उपसणं थांबवता येतं, कारण मगरी-कासवांची घरटी त्याच वाळूत आणि काठच्या मातीत असतात. सांडपाणी आणि उरलेली औषधं ओढ्यात सोडण्याआधी विचार करता येतो. तलावाच्या काठाला चार झाडं असली, तर पाण्याच्या कडेला चार ठिकाणं गार राहतात. अशा ठिकाणी नरही होतील, माद्याही होतील. निसर्गाला आपल्याकडून दोन्ही वाफ्यांत पाणी जाईल एवढीच मोकळीक हवी असते.

आणि माणसांसाठी? तिथं तर एक पैसाही खर्च नाही. घरात मुलगी झाली की पेढे वाटावेत आणि सुनेला उष्ण-थंड काही न विचारता गूळ-खोबरं खाऊ घालावं.

परवा अण्णांच्या तळ्यावर पुन्हा गेलो होतो. त्यांनी काठानं शेवग्याची रोपं लावली आहेत. सभेला तेही आले होते. मला म्हणाले, "सर, सावली पडल तवा पडल. पन एक सांगा, त्या कासवाच्या पोरींचं काय झालं?"

मी म्हटलं, समुद्रात आहेत. वाचल्या असतील त्या दहा-पंधरा वर्षांनी याच किनारपट्टीवर परत येतील, अंडी घालायला. तोवर ती वाळू त्यांच्यासाठी बरी ठेवायची, एवढं आपल्याकडं लागलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)